जुन्या फियाट-पद्मिनीची बाजूची पट्टी पुन्हा पुन्हा सुटते : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट बाळगणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकडच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. मडगार्डपासून दरवाजांवरून मागपर्यंत जाणारी चमकती पट्टी उन्हाळ्यात हौसेने नवी बसवली जाते आणि गणपती उरकेपर्यंत तिचे एखादे टोक उचललेले दिसते. मग कोणी डबल टेप लावतो, कोणी सिलिकॉन भरतो, कोणी सरळ स्क्रू मारतो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तीच पट्टी, थोड्या जास्त गंजासह, पुन्हा हातात येते. हे काम मी ओळखीपाळखीच्या अनेक गाड्यांवर केलेले असल्यामुळे एवढे निश्चित सांगू शकतो की अशा वेळी दोष बहुधा पट्टीत नसतो. पट्टीच्या मागे पाणी साठत असते, आणि ते कुठून येते व बाहेर का पडत नाही हे कळल्याखेरीज नवी पट्टी विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. पुढील तपासण्या म्हणूनच फुकटात होणाऱ्या कामापासून सुरू करून खर्चिक कामाकडे नेल्या आहेत. हा क्रम मोडू नये.

लक्षणे

सर्वांत आधी दिसते ते पट्टीच्या खालच्या कडेवरून ओघळलेले तांबूस डाग. पाऊस थांबून गाडी वाळली की हे ओघळ उठून दिसतात, आणि ते ज्या जागी सुरू होतात त्याच्या मागे बहुतेक वेळा पट्टी पत्र्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपचे भोक असते. दुसरे लक्षण पट्टीच्या वरच्या कडेला रंगावर आलेले बारीक फोड. नखाने दाबल्यावर फोड मऊ लागला आणि आतून पाणी किंवा तपकिरी भुकटी निघाली, तर गंज रंगाखाली पसरला आहे असे समजावे. तिसरे लक्षण आवाजाचे आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर गाडीने वेग घेतला की दरवाजातून पतंगाच्या कागदासारखी फरफर सुरू होते आणि काच वर-खाली केली तरी थांबत नाही. चौथे, दरवाजा आपटताना आत काहीतरी खुळखुळते. ती बहुधा तुटून दरवाजाच्या पोटात पडलेली क्लिप असते. पाचवे लक्षण मालकाच्या सहसा लक्षात येत नाही, कारण त्याचा पट्टीशी संबंध आहे असे वाटतच नाही: पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला राहतो आणि गाडीत कुबट वास येतो.

यांपैकी केवळ तिसरे लक्षण असेल तर काम सोपे आहे. पहिले, दुसरे आणि पाचवे एकत्र असतील तर पट्टीचा विचार काही काळ बाजूला ठेवावा लागेल.

पट्टीमागे गंज इतक्या लवकर का धरतो

हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सर्व तपासण्यांचे कारण यातच आहे. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. तिच्यात पाणी सहज शिरते, पण वारा आणि ऊन पोचत नसल्यामुळे ते तितक्या सहज वाळत नाही. त्यात आपल्याकडे एका बाजूला ठाण्याची खाडी आणि हवेत क्षार. कोलशेत, कोपरी, ऐरोली, वाशी अशा खाडीलगतच्या भागांत गाडी उभी राहत असेल तर त्या पाण्यात मीठही असते. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते. पट्टी स्टेनलेस स्टीलची, क्लिप लोखंडाची आणि पत्रा साध्या पोलादाचा, असे वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि झीज दुबळ्या धातूची होते. स्टेनलेसच्या पट्टीमागे ती पत्र्याची होते. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर पट्टीच पांढरी भुकटी धरून खड्डे पाडून घेते. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे रंग जवळजवळ शाबूत असणे आणि क्लिपच्या तोंडाशी फक्त एक ओरखडा असणे. अख्ख्या पट्टीच्या क्षेत्रफळाचा भार त्या टिचभर उघड्या पत्र्यावर येतो आणि तिथे झीज पसरत न जाता खोल जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्याने तो वाढताना पट्टीला मागून बाहेर ढकलतो. टेप निकृष्ट होती म्हणून पट्टी उचलली असे आपण समजतो. प्रत्यक्षात गंजाने ती उचललेली असते.

फुकटच्या तपासण्या

गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळू द्यावी आणि सकाळच्या तिरप्या उजेडात पट्टीच्या रेषेत डोळा लावून टोकापासून टोकापर्यंत पाहावे. पट्टी जिथे पत्र्यापासून दूर गेली आहे तिथे तिच्यावरची प्रकाशाची रेघ मोडलेली दिसते. त्या जागेवर खडूने खूण करावी. नंतर बोटाच्या पेराने पट्टीवर टिचक्या मारत जावे. क्लिप धरून असलेल्या जागी आवाज घट्ट येतो, सुटलेल्या जागी पोकळ येतो. मग एक जुने पोस्टकार्ड वरच्या कडेतून आत सरकवून पाहावे. ते थोडेसे जाऊन अडले तर ठीक, अर्ध्या पट्टीपर्यंत गेले तर क्लिप सुटलेली आहे, आणि बाहेर काढल्यावर त्याच्या कडेला तपकिरी डाग आला तर गंज आधीच आहे. या साऱ्याला फारसा वेळ लागत नाही, पण क्लिपचा दोष एका जागी आहे की सगळीकडे, हे समजते. एकाच क्लिपसाठी संपूर्ण पट्टी उतरवण्याची गरज नसते.

यानंतरची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो आणि तीच बहुतेक जण टाळतात. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोके किंवा फटी ठेवलेल्या असतात. काचेवरून दरवाजात पाणी शिरणारच, असे गृहीत धरूनच दरवाजा बनवलेला असतो. ते खालून निघून जावे एवढीच अपेक्षा असते. जुन्या गाड्यांत ही भोके धूळ, पाला, रंगाचे थर आणि कोणीतरी उत्साहाने मारलेले डांबरी कोटिंग यांनी बुजतात. काचेच्या बाहेरून एक तांब्या पाणी सावकाश ओतावे आणि खाली पाहत राहावे. पाणी लगेच धारेने आले तर मार्ग मोकळा आहे. थेंब थेंब येत असेल, किंवा मुळीच न येता काही वेळाने आतल्या गालिच्यावर उतरत असेल, तर रोग सापडला. खराट्याचा हीर घेऊन ही भोके मोकळी करावीत. लोखंडी तार वापरू नये, कारण भोकाच्या कडेचा रंग तिने खरवडला की तिथेच नवा गंज सुरू होतो. पहिल्यांदा निघणारे पाणी काळे आणि दुर्गंधीयुक्त असेल. ते स्वच्छ होईपर्यंत पाणी ओतत राहावे.

गाडीवरचे आच्छादनही याच टप्प्यावर तपासावे. सोसायटीत जागा उघडी असते, म्हणून लोक प्लास्टिकचे जलरोधक कव्हर घालतात आणि पावसाळाभर काढत नाहीत. त्याखाली पाणी वाफ होऊन पुन्हा पत्र्यावरच बसते. पोडियमखाली किंवा स्टिल्टमध्ये गाडी उभी असेल तर सुती कव्हर पुरते; उघड्यावर असेल तर पाऊस उघडल्यावर कव्हर काढून वारा लागू द्यावा.

थोड्या पैशांच्या तपासण्या

काच जिथून दरवाजात उतरते तिथे बाहेरच्या बाजूला रबराची पट्टी असते. ती कडक होऊन काचेपासून सुटली की दरवाजात जाणारे पाणी कितीतरी वाढते. काच अर्धी खाली घेऊन रबर बोटाने वाकवावे. त्याला भेगा दिसल्या, किंवा वाकवल्यावर ते परत आले नाही, तर बदलावे. मीटरवर मिळणारे सर्वसाधारण रबर पुष्कळदा बसते, मात्र त्याचा काप जुन्या तुकड्याशी ताडून पाहूनच घ्यावा. जाड रबर बसवल्यास काच चढवताना हँडलवर ताण येतो आणि आतल्या यंत्रणेचे दात झिजतात.

दुसरी वस्तू म्हणजे लहान लोहचुंबक. तो पातळ कापडात गुंडाळून पट्टीच्या वर-खाली पत्र्यावरून फिरवावा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे रंगाखाली पुट्टी आहे, म्हणजे तिथला पत्रा पूर्वी कधीतरी खराब होऊन झाकलेला आहे. पुट्टीत क्लिप टिकत नाही, ती कितीही चांगली घेतली तरी. हाच चुंबक पट्टीलाही लावून पाहावा: मुळीच ओढ नसेल तर पट्टी ॲल्युमिनियमची किंवा काही प्रकारच्या स्टेनलेसची असते, आणि ओढ असेल तर मुलामा दिलेले लोखंड किंवा दुसऱ्या प्रकारचे स्टेनलेस. चुंबक चिकटतो म्हणून ‘हे स्टेनलेस नव्हेच’ असे दुकानदार सांगतात, ते खरे नाही. मुलाम्याच्या पट्टीवर मात्र सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतात, कारण क्रोमचा थर मुळातच सूक्ष्म छिद्रांचा असतो आणि त्याखालचा निकेलचा थर झिजला की पाणी लोखंडापर्यंत पोचते. स्टेनलेसला असे ठिपके क्वचितच येतात आणि ते पॉलिशने जातात. म्हणून स्टेनलेसची मूळ पट्टी चेपलेली असली तरी फेकून देऊ नये. ती ठोकून सरळ करून घेण्यासारखी असते.

पट्टी उतरवणे

इथपर्यंत कारण सापडले नाही, किंवा सापडूनही मागे गंज असल्याची खात्री झाली, तर पट्टी उतरवावी लागते. होळी झाल्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ योग्य. पावसाळ्याच्या दमट हवेत प्रायमर नीट धरत नाही. काम सकाळी सावलीत करावे, तापलेल्या पत्र्यावर करू नये.

आधी दरवाजाच्या आतले पॅनेल काढून मागून बॅटरीचा उजेड टाकावा. कुठे नुसती स्प्रिंग क्लिप असते, तर कुठे, विशेषतः टोकांना, मागून नट लावलेला असतो. नट न सोडता बाहेरून पट्टी ओढली की ती त्या जागी कायमची मुडपते, आणि मुडपलेली पट्टी कितीही ठोकली तरी प्रकाशात ती घडी दिसतेच. नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री घालून ठेवावे. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत आणि क्लिपच्या अगदी शेजारी प्लास्टिकची पाचर घालून तिथूनच उचलावे, दोन क्लिपांच्या मधून कधीही नाही. पूर्वी कोणी टेपने चिकटवली असेल तर तंगुसाचा धागा मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढावा. टेप स्वच्छ कापली जाते. असा धागा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला सहज मिळतो. प्रत्येक पट्टीच्या मागे दरवाजा व दिशा लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, कारण डावी-उजवी वरवर सारखीच दिसते.

आता भोके पाहावीत. भोकाची कड गोल व कोरडी असेल तर फक्त क्लिपा बदलायच्या. कड खाल्ली जाऊन भोक लंबगोल झाले असेल पण भोवतीचा पत्रा टणक असेल, तर गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. हे घासणे पाणी लावून आणि तोंडाला मास्क बांधूनच करावे, कारण त्या काळातल्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. उरलेल्या बारीक खड्ड्यांत फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक लावून, ते वाळल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि वरून रंगाचा टच-अप करावा. भोकाच्या आतल्या कडेला ब्रशने प्रायमर लावण्यास विसरू नये. गंज सुरू होतो तो तिथूनच.

नवी पट्टी, जुनी पट्टी

या गाड्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनत, आणि सुटे भाग आजही कुर्ल्यात व ऑपेरा हाऊसच्या बाजारात शोधले तर मिळतात. मात्र १९६४ ची डिलाइट, त्यानंतरची प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकापासूनची पद्मिनी यांचे अंग एकसारखे वाटत असले तरी पट्ट्यांची लांबी, टोके आणि क्लिपांमधले अंतर एकच असेल असे धरून चालू नये. बाजारात जाताना दरवाजावर कागद लावून पेन्सिलने भोकांच्या जागा उतरवून घ्याव्यात आणि तो कागद दुकानात पट्टीच्या पाठीशी धरून पाहावा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. भंगारातून येणारे भाग त्यामुळे आटत जाणार आहेत, तेव्हा चांगली जोडी दिसली तर लगेच गरज नसतानाही घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

जुळणारी पट्टी मिळाली नाही म्हणून दरवाजाला नवी भोके पाडू नयेत. प्रत्येक नवे भोक म्हणजे गंजाला नवे दार. शिवाय २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, व चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. चार भोकांनी नोंदणी अडणार नाही हे खरे. पण मूळ अंग शक्य तितके तसेच राखणे केव्हाही हिताचे.

बसवताना

लोखंडी क्लिप आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वायसर घालावा, म्हणजे धातूला धातू लागत नाही. नायलॉनच्या क्लिपा मिळाल्या तर उत्तमच. भोकाभोवती ब्युटिलचा (मऊ, चिकट रबरी सीलंटचा) छोटा गोळा दाबून मग क्लिप बसवावी. पाणी भोकातून आत जात नाही आणि पुढे कधी काढायची झाल्यास ब्युटिल सुटून येते. सिलिकॉन वापरणे टाळावे, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर मुळीच लावू नये, कारण ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि तेच पत्र्याला गंजवते. नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडासाच फिरवावा. जास्त आवळल्यास बाहेरून पत्र्याला खळगा पडतो.

ज्या टोकाला क्लिपच नाही तिथे ॲक्रिलिक फोम टेप चालते, पण पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आणि टेप जोराने दाबून लावावी. तिची पकड पूर्ण होण्यास सुमारे ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नये. ॲल्युमिनियमची पट्टी पूर्ण लांबीभर चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान ४० अंशांनी वाढले तर एक मीटर लांबीत दोघांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि दोन्ही टोके बांधलेली पट्टी मध्येच फुगते. दोन दरवाजांच्या सांध्यातही थोडी फट राखावी. रेषा जुळवण्यासाठी पुढच्या मडगार्डपासून मागच्या दरवाजापर्यंत मास्किंग टेपची सरळ रेघ आधीच ओढून ठेवावी. शेजारच्या दरवाजाशी रेषा जुळत नसेल आणि दरवाजा उघडून वर उचलल्यावर बिजागरीत हलत असेल, तर पट्टी दोषी नाही. दरवाजा लोंबला आहे.

पॅनेल परत लावण्यापूर्वी दरवाजाच्या पोटात, तळाच्या शिवणीवर, पोकळीत मारायचे मेण फवारावे आणि भोके पुन्हा हिराने मोकळी करावीत, कारण मेणानेही ती बुजतात. पॅनेलमागचे फाटलेले प्लास्टिक बदलावे. ते नसेल तर पाणी पुठ्ठ्यावर येते आणि गालिचा पुन्हा ओला होतो.

कुठे थांबावे

स्क्रू ड्रायव्हरचे टोक अंगठ्याच्या जोराने पत्र्यात शिरले तर हत्यार खाली ठेवावे. दरवाजाच्या बाहेरच्या पत्र्यात अशी जागा असेल तर पत्राकाम करणाऱ्या कारागिराने कुजका भाग कापून नवा तुकडा जोडणे एवढाच उपाय आहे. दरवाजाखालच्या उंबऱ्यात, बिजागरीच्या खांबात किंवा जमिनीच्या पत्र्यात असेल तर प्रकरण गंभीर आहे, कारण या गाडीला वेगळी चॅसिस नाही आणि तिचे अंगच भार पेलते. तिथे पुट्टी, फायबर किंवा नुसता वरून टाकलेला पत्रा कोणी सुचवला तर दुसरा कारागीर पाहावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढली आहे ना, पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत जाणार नाही ना, आणि आतले रेक्झिन व फेल्ट बाजूला केले आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे.

पुढच्या व मागच्या काचेभोवतीची चमकती पट्टी रबराच्या खाचेत दाबून बसवलेली असते, आणि ती काढताना काचेवर एका कोपऱ्यात ताण आला की काच जाते. ते काम जुन्या गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडेच द्यावे.

मुलामा उडालेल्या भागांवर घरी रसायने आणून प्रयोग करू नयेत. क्रोमच्या बाथमधील संयुगे विषारी व कर्करोगकारक असतात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या औद्योगिक भागांत प्लेटिंग करणाऱ्यांची चौकशी करता येते. वस्तू देताना तांबे, निकेल आणि क्रोम असे तिन्ही थर देणार का, आणि जुना मुलामा काढून खड्डे भरून पॉलिश करणार का, हे आधी विचारावे. ‘फक्त वरून क्रोम मारून देतो’ असे उत्तर आले तर वस्तू परत आणावी. देण्यापूर्वी प्रत्येक पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून लांबी मोजून ठेवावी, कारण पॉलिशच्या चाकावर पातळ टोके झिजतात आणि वाकतात, व पट्टी परत घेताना ती क्लिपांच्या कागदी नमुन्यावर ठेवून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.